एतेल्काची फुलं आणि आंब्रुशची भट्टी

आमची एतेल्का मेंढपाळाची पोर. तिसा नदीपलीकडचा खारवट माळ तिच्या तळपायांना पाठ. आणि हट्टी किती! नवरा गेल्यावर भाऊ न्यायला आला, तर म्हणाली, "इथं माझी बदकं आहेत. तुझ्यापेक्षा कमी बोलतात ती."

त्या वर्षी शहरातला औषधवाला म्हणाला, कामिलाची सुकी फुलं कशाला देता, तेल काढून द्या. कामिला म्हणजे तीच गं, पोटात कळ आली की तुला उकळून देते ती, पिवळ्या गोंड्याची पांढरी फुलं. पण तेल निळंच हवं म्हणाला. सूज उतरते ती त्या निळ्यानं. निळं नाही निघालं तर समजा, नकली फुलं तोडलीत. तसंच दिसणारं, बिनकामाचं एक तण उगवतं ना आपल्याकडे, ते.

माळ निवडलेला एतेल्कानं. तिच्या शब्दावर गावच्या बायका उन्हात कंबर मोडेस्तोवर वाकलेल्या. शेजारची रोझाली कुरकुरली, तेव्हा हिनं एक गोंडा उभा चिरून दाखवला. "बघ, आतून पोकळ. खरी कामिला."

"पोकळ तर तुझं डोकंही आहे," रोझाली म्हणाली.

भट्टी आंब्रुशची. जन्मभर आलुबुखारची दारू गाळलेला माणूस. पहिली धार फेकायची, मधली ठेवायची, शेवटची लागली की जाळ ओढायचा, एवढंच त्याला ठाऊक. सकाळी फुलं आणि पाणी तांब्याच्या हंड्यात घालून खाली जाळ लावला. पहिली धार त्यानं फेकली. मग नळीतून बरणीत पाणी ठिबकत राहिलं, वर नुसता फिकट हिरवट तवंग. निळं कुठं काय! दुपार कलली तसा त्यानं जाळ ओढला.

"संपलं बायांनो."

रोझाली कमरेवर हात ठेवून उभी. "घ्या! सगळ्यांना गवत कापायला लावलं या बाईनं!"

एतेल्काच्या हातात सकाळपासून चरबी लावलेला पाव आणि कांदा, अजून तसाच. तिनं हंड्याचं झाकण उचललं. आतल्या फुलांचा वास भसकन नाकात शिरला.

"आंब्रुशभाऊ, वास अजून आतच आहे. लाव जाळ."

"आता येईल ते शेवटचं पाणी, बाई. डुक्कर तोंड लावणार नाही."

"ते आलुबुखारचं. ही आलुबुखारं आहेत का?"

"भट्टी कुणाची? माझी की तुझी?"

"तुझी. लाकडं माझी." आणि स्वतःच ओंडके सारले चुलीत.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तरी बाया बसून होत्या. आणि मग नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबला. निळा! शाईसारखा गर्द. मागून दुसरा. पाण्यावर निळी साय धरायला लागली. नंतर औषधवाला म्हणाला, फुलात निळं नसतंच मुळी, आतलं काहीतरी वाफेत शिजून शिजून निळं होतं, आणि जड म्हणून उशिरा उतरतं.

आंब्रुशनं टोपी काढली. "अगं बाई, म्हणजे दारूचा नियम इथं चालतच नाही! मी सकाळी काय काय फेकलं असेल!"

रोझालीनं बोट बुडवलं आणि म्हणते कशी, "मी म्हटलंच होतं, माळ चांगला आहे."

एतेल्कानंही बोटं बुडवली आणि इतकी हसली की पायरीवर बसलीच. निळ्या बोटांनी पाव धरला आणि सगळा खाल्ला, कांद्यासकट.