फॉन्टवरचं नाव

मला कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसवलं ते ऑलराउंडर सरांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्याबद्दल भलतंच मत करून घ्याल, आणि ते सगळंच खोटं असेल असंही नाही. सातवीतून शाळा सोडून, ठेकेदाराबरोबर भंडाऱ्याहून सुप्याच्या कारखान्यात आलेला मी. या माणसानं बोलावलं नसतं तर अजूनही पत्र्याच्या थप्प्या उचलत असतो.

नगरच्या सावेडीत त्यांचं 'ऑलराउंडर' नावाचं दुकान होतं. बोर्ड पेंटिंग, स्क्रीन प्रिंटिंग, डीटीपी, लग्नाच्या कॅसेटची टायटल्स, केबलवरच्या जाहिराती आणि संध्याकाळी कॉम्प्युटर क्लास, एवढं सगळं एकाच गाळ्यात. शहरात तेव्हा कॉम्प्युटर बघायलासुद्धा लोक यायचे. गिऱ्हाइकाशी सर अगदी शुद्ध बोलत, पण मनातलं सांगायचं झालं की त्यांची पारनेरची बोली बाहेर यायची. "एका धंद्यावर भाकरी मिळायची ते दिवस गेलं. आता परत्येक बोटाला येगळा धंदा पायजे," असं ते हात पसरून सांगायचे आणि प्रत्येक बोटाला एकेक धंदा मोजून दाखवायचे. सहावा धंदा कुठे मोजायचा, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी विचारलं की दुसरा हात पुढे.

कारखान्याचा मोठा बोर्ड लावायला ते सुप्याला आले, तेव्हा मी एका मशीनवर 'धोका' लिहीत होतो. ब्रश धरायला मला आमच्या गावात नाटकांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरनं शिकवलं होतं. मी डावखुरा, त्यामुळे ब्रश उचलताना कान्याचं खालचं टोक इतरांच्या उलट बाजूला तिरकं तुटायचं. मला त्याची लाज वाटे. सर बराच वेळ मागे उभे होते. मी ते टोक पुसून सरळ करायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. "ही खोड सोडू नगंस. अक्षर हिच्यामुळं तुझं हाय."

माझ्यात काही 'माझं' आहे, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. महिन्याभरात मी कारखाना सोडून त्यांच्याकडे राहायला आलो.

कॉम्प्युटरची खोली काचेची. चपला बाहेर काढायच्या, मशीनवरचं कापड घडी करून ठेवायचं, मग बसायचं. मी आठ दिवस नुसताच बसलो. एखादं बटण दाबलं आणि आत काही जळलं तर काय, या धास्तीनं हात मांडीवरून उचलत नसे. शेवटी सरांनी माउस उचलून डाव्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, मोडलं तर माझं मोडलं, तू दाब. नगरला वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून ते कुठूनही, अगदी मोरीतून तोंड धुता धुताही, "सेव्ह केलं का?" असं ओरडून विचारायचे. जेवताना मी दुसरी भाकरी वाढून घेतली तरी वहिनी हसून तेच विचारायच्या.

लग्नाच्या कॅसेटवर नावं घालायचं काम माझ्याकडे आलं. एका लग्नाच्या वेळी नवरीचा मामा स्वतः दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, माझं नाव नवरदेवापेक्षा मोठं पाहिजे, मांडव माझ्या पैशानं पडलाय. मी गोंधळलो. सरांनी शांतपणे मामाचं नाव मोठं करून दिलं. तो गेल्यावर मला म्हणाले, माणूस नावासाठी काय वाट्टेल ते करतो, आपण त्याला हसायचं नाही.

मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे त्यांनी स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं-आणलं. तेवढं माझ्या सख्ख्या भावानंही केलं नसतं.

मग त्यांनी फॉन्टचं काढलं. कॉम्प्युटरवर तेव्हा मराठी अक्षरांचे वळणदार नमुने फार नव्हते. तुझं अक्षर आपण आत घालू, सर म्हणाले, जिल्हाभरचे प्रेसवाले वापरतील. मी आलेख कागदावर एकेक अक्षर मोठं काढायचो. स्वर, व्यंजनं, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. सर ते स्कॅन करून कडेचा एकेक ठिपका माउसनं ओढत बसायचे. वर्ष गेलं त्यात. फॉन्टला तुझंच नाव देऊ, हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. मी लगेच घरी पत्र टाकलं. शाळा सोडली तेव्हा बाबा म्हणाले होते, आता तुझं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लागायचं नाही. ते पत्र त्यांनी पानठेल्यावर चार जणांकडून वाचून घेतलं, असं नंतर कळलं.

फॉन्ट अजून पुरा व्हायचाय, असं सर सांगत राहिले. पुढे एकदा दुकानात छापलेल्या कापडी पिशव्या पोचवायला मी पारनेरला गेलो. तिथल्या डीटीपीवाल्याच्या टेबलावर एक लग्नपत्रिका पडली होती. प्रत्येक कान्याचं टोक उलट्या बाजूला तुटलेलं. मी विचारलं, हे अक्षर कुठलं?

"ऑलराउंडरचा फॉन्ट हाय. लई चालतोय," तो म्हणाला. "सर सोता ब्रशनं लिव्हत्यात. हे बगा ना." त्यानं फ्लॉपीबरोबर आलेला कागद दाखवला. फॉन्टला सरांच्या मुलीचं नाव होतं. खाली 'अक्षरलेखन' म्हणून सरांचं. मी तो कागद दोनदा वाचला. मागची बाजूही पाहिली.

परत आलो तेव्हा सर एका जाहिरातीत आवाज भरत होते. ते संपेपर्यंत मी काचेबाहेर उभा राहिलो. घाबरलो की माझी घरची बोली येते. "सर, मले फक्त नाव पायजे होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "अक्षर तुझं, कबूल," ते म्हणाले. "पन एकेक ठिपका धरून ते आत कुनी नेलं? आन् सातवी शिकलेल्याचं नाव बघून प्रेसवाला फ्लॉपी हातात तरी घेईल का?"

मग तेव्हा कबूल का केलंत, एवढंच मी विचारलं. ते कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसू लागले.

"तवा मला तसंच वाटत हुतं."

हे खरं असणार. म्हणूनच ते जास्त लागलं. खोटं बोलून फसवणाऱ्याचा राग तरी धरता येतो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याची एसटी धरली. वहिनींनी डबा दिला, सर गाळ्यातून बाहेर आले नाहीत. बाबा पुढे कित्येक पत्रांतून विचारत राहिले, तुझ्या नावाचं काय झालं? मी दरवेळी पिकापाण्याचं विचारून पत्र संपवलं. ते गेले, तेव्हाही उत्तर माझ्याकडेच राहिलं होतं.

मी आज पत्रिका करतो, जाहिराती करतो, पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, आणि यातलं एकही काम असं नाही की ज्याची सुरुवात त्या काचेच्या खोलीत झाली नाही. हे नाकारता येत नाही आणि पारनेरचा तो कागदही विसरता येत नाही. दोन्ही घेऊनच मी कामाला बसतो.

नवा फॉन्ट काढतोय सध्या. ठिपके आता माझे मीच ओढतो आणि त्यात किती डोळे जातात, हे मला आता कळतंय. तो पुरा होईल तेव्हा त्याच्या कागदावर 'अक्षरलेखन' म्हणून माझं नाव असेल. खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'संगणकाचं काम ज्यांनी शिकवलं' असं लिहून सरांचं. पहिली प्रत मी पोस्टानं पाठवणार नाही. सर, मी स्वतः सावेडीला येईन आणि तुमच्या हातात देईन. तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत तरी चालेल.