खतीजाची देग

लोणावळ्याच्या बाजारात सावकार बजरंगशेठला लोक देवमाणूस म्हणत. गरिबाच्या अडीनडीला उभा राहतो म्हणे! आमच्या शेजारच्या खतीजाचं त्यानं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

नवरा गफूर वारल्यावर त्याच्या तांब्याच्या देगीत खतीजा लग्नकार्याचा पुलाव रांधायची. पावसाळ्यात लग्नं बंद, कमाई बंद. मग ताजी कल्हई केलेली देग शेठकडे गहाण पडायची आणि लग्नसराईच्या तोंडावर सुटायची. तिला दुसरं कोण पैसे देणार होतं? दरवर्षी देग परत यायची ती कल्हई उडालेली. लोणावळ्याची ओल कल्हई खाते, असं ती बिचारी समजायची आणि पुन्हा पदरमोड करून कल्हई करायची. शेठचं व्याज वेगळंच.

एकोणीसशे तिसाच्या सुमाराची गोष्ट. गावातल्या हमीदच्या मुलीच्या लग्नाचा पुलाव खतीजाकडे होता. देगीसकट मजुरी ठरलेली. विसार घेऊन ती देग सोडवायला गेली, तर माल आतल्या कोठीत आहे म्हणत शेठ आज-उद्या करत राहिला. लग्नाच्या सकाळी ती हात हलवत मांडवात पोचली. चुलीवर तिचीच देग होती, काठावर गफूरचं नाव ठोकलेली.

"शेठकडनं भाड्यानं आणली, मावशी," हमीद म्हणाला. "भाडं तुमच्या मजुरीतनं कापतो. देग तुमी आणणार व्हता ना?"

शेठ पावसाळाभर देग उरूस-भंडाऱ्यांना भाड्यानं देत असणार; कल्हई कशानं उडत होती, ते आत्ता तिला कळलं. माझं तर डोकंच फिरलं. पण लोक उपाशी राहू नयेत म्हणून तिनं पुलाव रांधला, सगळ्यांना जेवू घातलं. मग देग राखेनं घासली, डोक्यावर घेतली आणि थेट शेठच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

"मुद्दल घ्या, शेठ. व्याज न्हाई देनार. माज्या देगीचं भाडं तुमी किती वरसं खाल्लं?"

बाजार गोळा झाला. चारचौघांत शोभा नको म्हणून शेठनं गुपचूप मुद्दल उचललं. मी खूश झालो. मूर्खच मी!

पुढच्या पावसाळ्यात तिची लेक हसिना तापानं फणफणली. औषधासाठी खतीजा देग घेऊन दुकानोदुकानी फिरली. एकाही सावकारानं ठेवून घेतली नाही. बजरंगशेठचा निरोप सगळीकडे आधीच गेला होता. पोर वाचली, पण देग मोडीत विकावी लागली. तांबटानं घण घालून तिचे तुकडे केले, तेव्हा मी खतीजाबरोबर तिथंच उभा होतो.

आणि बाजारातले शहाणे अजून मलाच सांगतात, तिनं व्याज द्यायला हवं होतं.