अकोल्याला न उतरणारं विमान

नत्थुजींची उभी नोकरी अकोल्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून, चौकशीच्या खिडकीत गेली. अमरावतीची गाडी कधी, असं कुणी विचारलं की मान वर न करता ते वेळ सांगत. जी गाडी सुटतच नाही, तिची वेळ त्या खिडकीतून कधी सांगितली गेली नाही. निवृत्त झाल्यावरही आमच्या गल्लीतले लोक प्रवासाला निघताना त्यांनाच विचारत.

डिसेंबरातल्या एका पहाटे त्यांची बायको, मनकर्णाकाकू, गेली. एकुलती लेक आचल बंगलोरला नोकरीला. लेकीनं आईचं तोंड पाहायचं, ओठांवर शेवटचं पाणी सोडायचं, मग माती, अशी त्यांच्या घरची रीत. आणि दिवस बुडाल्यावर माती करायची नाही, मयत रात्रभर घरात ठेवायची नाही, हीही रीतच.

नत्थुजींनी काकूंच्या उशाशी पाण्याचा गडू झाकून ठेवला. मग फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "बंगलोर ते अकोला विमानाले किती टाइम लागते?"

फोन म्हणाला, एक तास चाळीस मिनिटं.

"आपल्या अकोल्याले कुठचं विमान, मोठेबाबा?" पुतण्या गजेंद्र म्हणाला.

"अमरावतीले सुरू झालं न? मंग इथंबी झालं असन. टाइम सांगते म्हंजे गाडी हाय."

हिवरखेडच्या माहेरच्यांना त्यांनी कळवून टाकलं, दुपारी माती.

थोड्या वेळानं आचलचा फोन आला. अकोल्याला विमान नव्हतंच. नागपूरचं मिळालं होतं, तेही दुपारी उतरणारं, पुढं टॅक्सी. फोननं नुसतं आभाळातलं अंतर मोजलं होतं.

दुपार झाली. अंगणात माणसं मावेनात. जुने ड्रायव्हर बुधाजी शेजारी टेकत म्हणाले, "कंट्रोलर साहेब, तुमची गाडी कधी टायमावर आली हो?" नत्थुजी किंचित हसले. मग कुणीही विचारलं तरी ते खिडकीतल्यासारखं एवढंच म्हणत, "निघाली हाय."

ऊन भिंतीवरून वर सरकू लागलं. हिवरखेडचा म्हातारा मेव्हणा दोनदा उठून पश्चिमेकडं बघून आला. "भाऊजी, लाकडं केव्हाची रचून हायेत," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी अमरावतीत आली. आता जवळच हाय. थांबसान न?"

अमरावती ते अकोला. हा रस्ता त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितला होता. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. रस्ता मोकळा असला तरी दोन तास. उन्हाची शेवटची पट्टी आता कौलांवर होती.

"बाबा?"

"तू ये," ते म्हणाले.

फोन खिशात ठेवून ते उठले. गजेंद्रनं गडूकडं पाहिलं. "मोठेबाबा, तुमीच सोडा पानी."

"ते तिचं हाय," नत्थुजी म्हणाले. त्यांनी गडूला हात लावला नाही. काकूंच्या कपाळावरून तेवढा हात फिरवला आणि बाजूला झाले.

आचल आली तेव्हा माणसं स्मशानातून परतून आंघोळी करत होती. काकूंना ठेवलं होतं त्या जागी दिवा होता आणि शेजारी झाकलेला गडू. ती दारातच थांबली. "थांबले काहून नाही?" तिनं विचारलं.

नत्थुजींनी गडू उचलला आणि तिच्या हातात दिला.

"पानी घे," ते म्हणाले. "लांबून आली."