हॉर्न कुणाचा?

सिनेमातला एखादा प्रसंग उलगडून कसा पाहायचा, हे मी भोरच्या कॉलेजात मुलांना शिकवते. थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा पाहायचा. पण एक प्रसंग मी इतक्यांदा मागेपुढे केलाय, तो काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. डूख धरून पाहिलाय.

प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे. अंगणात एका मेंढपाळाचं मयत ठेवलंय. नायिका दारातून येते, मटकन खाली बसते आणि असा हंबरडा फोडते की थिएटरात बायका तोंडाला पदर लावतात. त्या हंबरड्यावर नायिकेला बक्षिसं मिळाली, दिग्दर्शकाच्या गळ्यात हार पडले. त्यातला आवाज माझ्या काकूचा आहे.

शूटिंग आमच्याच गावात झालं. नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाताना आत वळलं की गाव लागतं. माझे काका नसरापूर-वेल्हे जीप चालवायचे. ते आजारपणात गेले आणि थोड्याच दिवसांत ही मंडळी आली. गावातल्या बायकांना मयताभोवती बसवून त्यांनी बजावलं, नुसता डोळ्यांना पदर लावायचा, आवाज काढायचा नाही. आता आमच्याकडे मयतापाशी बाई मुकी बसत नाही. बसली, तर त्या घराशी तिचं वैर आहे असं समजतात. आणि रडणारी बाई काही समोरच्या मयतासाठीच रडत नाही, ती आपलं गेलेलं माणूस आठवून रडते. पांढऱ्या कापडाखाली धडधाकट नट झोपलाय, हे काकूला दिसत होतं. तरी फुलं, गुलाल, उदबत्तीचा वास, यांनी तिला राहवेना. तिने हेल काढला, "अवं मालक, आता वळणावरचा तुमचा हारन म्या कुठं ऐकू वं!"

कुणीही 'कट' म्हटलं नाही. सिनेमा लागला तेव्हा कळलं, काकूचा आवाज त्यांनी नायिकेच्या तोंडी बसवलाय. नीट पाहा. नायिकेचं तोंड आवाजाच्या किंचित मागून उघडतं. गळ्याची शीर ताणलेली नाही. मागे डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी लुगडं अंधूक दिसतं, आणि त्यातला खांदा मात्र प्रत्येक हेलाला वर उचलला जातो. तो काकूचा खांदा. शेवटी पडद्यावर जी नावं सरकतात त्यांत चहावाल्याचं नाव आहे, तिचं नाही.

एवढं मी कदाचित गिळलंही असतं. पण सिनेमातला मेंढपाळ जन्मात गाडीत बसलेला नाही, मग त्याच्या बायकोच्या रडण्यात हॉर्न आला कुठून? यावर समीक्षकांनी पानंच्या पानं भरली. हॉर्न म्हणजे दाराशी आलेलं शहर. हॉर्न म्हणजे काळाची हाक. आणि दिग्दर्शक एका मुलाखतीत मान डोलवत म्हणाला, "ते वाक्य मला अचानक सुचलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचं नाक भरसभेत कापायचं, तेही आमच्याच भागात, असं मी त्या दिवशी ठरवलं.

गोड बोलून मी त्याला कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. काकूला एसटीने भोरला आणलं आणि पुढच्या रांगेत बसवलं.

"म्या काय करायचं हितं?" तिने विचारलं.

"काही नाही, नुसतं बसायचं."

प्रसंग दाखवून झाल्यावर मी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, हा हॉर्न कसला?" तो खुलला. येऊ घातलेला विनाश, यंत्रयुग, बरंच काही बोलला. मी त्याला मनसोक्त बोलू दिलं. मग मी म्हणाले, "तो हॉर्न नसरापूर-वेल्हे जीपचा आहे. चालवणारे माझे काका. रडणारी त्यांची बायको, ही समोर बसलीये." आणि पडद्यावर तो खांदा दाखवला. पोरांनी हुर्यो केली. त्याचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण माणूस बेरकी. क्षणात "माऊली!" म्हणत तो काकूच्या पायांवर वाकला. ज्या पोरांनी हुर्यो केली, त्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. मोबाईल वर झाले. माझ्या सुडाचा त्याने सत्कार समारंभ करून टाकला. मी दात-ओठ खात उभी राहिले.

त्याने काकूला हाताला धरून स्टेजवर नेलं आणि माईक तिच्यासमोर धरला. "आई, ते रडणं आज एकदा सगळ्यांना ऐकवा. या वेळी तुमच्या नावानं."

काकूने डोक्यावरचा पदर सारखा केला. हळदीकुंकवाला बोलावल्यावर बाई उत्तर देते, तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "हितं न्हाई रडायची म्या. तुमच्या घरात कुनी गेलं म्हंजे सांगावा धाडा, सायेब. म्या येईन."