एकशे सत्ताविसावं पोतं

इमामभाईंना कुठलाही आकडा सांगा, ते आधी तो मोडून बघत. आष्टीच्या लेव्हीच्या, म्हणजे सरकारने सक्तीने घेतलेल्या धान्याच्या, गोदामात ते हमालांचे मुकादम होते. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. कुणी लग्नाला साठ पानं म्हटलं की यांचं सुरू, "बारा पाचे साठ. पाच पंगती. न्हाई तर पंधरा चोक." मी शाळामास्तर असून त्यांच्यापुढे बोटं मोजत बसे.

थप्पी चौकोनी, कोपरे तासल्यासारखे असावेत हा त्यांचा हट्ट. जो आकडा कशानेच भागत नाही त्याला ते अडेल म्हणत. तेरा, सदतीस, असले. "त्येला मारून बसवू नये मास्तर," ते सांगत, "एक पोतं बाहेर काढायचं अन् इज्जतीनं ठिवायचं."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, भर बाजारात, निजामाविरुद्धची पत्रकं वाटताना मी ओळखला गेलो. पोलिसांचा अमीन मागे लागला. सापडलो असतो तर जिवंत परतायची आशा नव्हती. मी गोदामात शिरलो. थप्पी अर्धी रचून झाली होती, रुंदीला तीन, लांबीला सहा. इमामभाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. "मधी बसा. खोकू नका." मधल्या जागेची पाच पोती हमालांनी मागच्या दाराने शेजारच्या तेल्याच्या घाण्यात नेली. त्या पोकळीत मी उकिडवा बसलो आणि वर पोती चढत गेली. सात थर झाले.

अमीन कच्चा नव्हता. पोत्यांत माणूस दडवतात हे त्याला ठाऊक होतं. दारावर खडूने आकडा होता, एकशे सत्तावीस. त्याने छडीने मोजलं. तीन सक अठरा, अठरा साते एकशे सव्वीस. एक कमी! थप्पी उतरवायचा हुकूम सुटला. माझ्या पाठीचं पोतं हललं. मी सदऱ्याची बाही तोंडात कोंबली. खरं सांगतो, देशबिश काही आठवला नाही. एवढंच वाटलं, आईला कोण सांगेल.

तेवढ्यात इमामभाईंचा आवाज आला, नेहमीसारखा रेंगाळत. "उतरवा साहेब. पर एकशे सत्तावीस बसतं कशात, ते सांगा. बसवून दिलं तर मुकादमी सोडतो."

अमीन चिडला, पण आकड्यात अडकला. तिनाने भागेना, साताने भागेना, अकराने करून पाहिलं. मग इमामभाई उठले. इतका वेळ ते बसले होते ते पोत्यावरच. अमीन हसला आणि शिपायांना शिव्या घालत निघून गेला. ते पोतं आधीच का दाखवलं नाही, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "त्येला एक हुडकू दिलं. मंग पाच कशाला हुडकील?"

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. मला हार पडले. त्याच दिवसांत बाहेरून आलेले जमाव मुसलमानांच्या घरांवर चालून जात होते. मी तेव्हा सभांसाठी जालन्यात होतो. इमामभाईंनी तिथे निरोप धाडला: येऊन नुसतं ओट्यावर बसा, तुम्हाला पाहून कुणी पुढं येणार नाही. उद्या येतो, असं मी कळवलं. दुसऱ्या दिवशी सभा होती आणि भाषण माझं होतं. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. घराला कवाडं नव्हती, आत राख होती. इमामभाई जगले की नाही, आजतागायत मला कळलेलं नाही.

घाण्यावरचा तेली माझ्याकडे न बघता बोलला, "लोकं म्हणत व्हते, जल्दी निघा. ते जागचे हलले न्हाईत. म्हणले, मास्तर येऊन राह्यलेत."