विहीर नेमकी कुठल्या हद्दीत?

विहिरीच्या एका बाजूला म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर उभे होते, दुसऱ्या बाजूला लोकल बोर्डाचे. दोघांजवळही ब्लीचिंग पावडरचे डबे होते. झाकण मात्र कोणीच उघडत नव्हतं.

"आलात? आता सांगा, विहीर कोणाची?" म्युनिसिपालिटीवाले म्हणाले.

मी सर्व्हेयर. साखळी, खुंट्या, नकाशाची गुंडाळी आणि सोबत माझे चेनमन, म्हणजे साखळी धरणारे, गोविंद परब. पाडा भांडुपहून मुलुंडला जाताना लागणारा, पंचवीस-तीस घरांचा. आदल्या दिवशी तिथली तीन माणसं कॉलऱ्याने हॉस्पिटलात गेली होती.

घोळ काय होता ते सांगतो. पन्नास सालानंतर मुंबईची हद्द भांडुपपर्यंत वाढली. तोवर ही गावं जिल्ह्याखाली, तालुक्याखाली. दिवाबत्ती, रस्ते, आरोग्य सगळं लोकल बोर्ड बघायचं. हद्द सरकली की एका बाजूची गावं शहराच्या वॉर्डात गेली, दुसरी बोर्डाकडे राहिली. त्यामुळे रेषा कुठून जाते यावर विहिरीत औषध कोणी टाकायचं हेही ठरायचं. आपल्या हद्दीबाहेरची विहीर बंद केली म्हणून एक इन्स्पेक्टर पूर्वी सस्पेंड झाला होता. त्यामुळे हे दोघे घाबरून होते.

हुकमात लिहिलं होतं, "हद्द ओढ्याच्या मधोमध." ओढ्याच्या दक्षिणेला शहर, उत्तरेला बोर्ड.

"विहीर ओढ्याच्या उत्तरेला आहे. डोळ्यांनी दिसतंय," म्युनिसिपालिटीवाले म्हणाले. "म्हणजे बोर्डाची."

"आणि नकाशात ओढा कुठे दाखवलाय?" बोर्डाचे इन्स्पेक्टर माझ्या गुंडाळीकडे बोट दाखवत म्हणाले. "विहिरीच्या उत्तरेला! म्हणजे तुमची."

मी नकाशा पसरला. दोघांचंही बरोबर होतं. जमिनीवर ओढा विहिरीच्या दक्षिणेला वाहत होता, कागदावर उत्तरेला. आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात सही होती माझी. ती रेषा मीच काढली होती. जुन्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून, ऑफिसात, पंख्याखाली. इकडे पाय ठेवला नव्हता.

तेवढ्यात एक म्हातारी बाई कळशी घेऊन आली. फिलोमिनाबाय. हॉस्पिटलात नेलेल्या तिघांत तिची सूनही होती.

"बाय, हे पाणी भरू नका," मी म्हटलं.

"मग काय तुझा नकाशा पिऊ? दुसरी विहीर मैलभर लांब हाय. काल सकाळपासून बघते, सायेब येतात, हात दाखवतात नि जातात."

"बाय, ओढा पहिल्यापासून इथूनच वाहतो?"

"छे रे! माझ्या लग्नात तो तिकडून होता, त्या बांबूंच्या मागून. खाणवाल्यांनी दगडमाती टाकली, मग पाणी हिकडे वळलं. विहीर मात्र तेव्हापण हितंच होती."

परबांनी बांबूंपर्यंत चक्कर मारली आणि तिथूनच हाक दिली, "सायबानू, व्हाळ हंयसून कधीच गेलो! सुकी चर दिसता."

व्हाळ म्हणजे ओढा. पण सुकी चर पाहून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. त्यासाठी जुना हद्दीचा दगड हवा. आमच्याकडे टिपण असतं, म्हणजे शेताचा हाताने काढलेला, मापं लिहिलेला कच्चा नकाशा. त्यावर एका शेताच्या कोपऱ्यात दगड दाखवला होता. प्रत्यक्षात तिथे शेणखताचा उकिरडा. परबांनी फावडं घेतलं, मीही घेतलं. सगळा पाडा बघायला जमला. तासाभराने फावडं खणकन वाजलं.

दगडापासून साखळी टाकली. टिपणातलं अंतर बरोबर सुक्या चरीवर येऊन संपलं. मग विहिरीपर्यंत मोजलं. विहीर जुन्या ओढ्याच्या दक्षिणेला, सहा साखळ्या आत. हद्द ठरवताना जुना नकाशाच समोर होता, म्हणजे जुना ओढाच धरलेला. म्हणजे विहीर शहराची.

"ठीक," म्युनिसिपालिटीचे इन्स्पेक्टर म्हणाले. "पण माझ्याकडे लेखी काय? हुकूम ओढा म्हणतो. कुठला ओढा, ते म्हणत नाही."

जवळच्या कारखान्यात टेलिफोन होता. तिथून साहेबांना फोन लावला. आमचे साहेब कडक, पण बोलायला सरळ.

"प्रस्ताव पाठव, दुरुस्ती होईल," ते म्हणाले.

"किती दिवस लागतील, साहेब?"

"महिना धर."

"तीन माणसं हॉस्पिटलात आहेत. बाकीची तेच पाणी पितायत."

साहेबांनी सूर बदलला.

"मग एकच मार्ग आहे. ओढा वळलेला तू नकाशात दाखवला नाहीस, चूक तुझी, असं जागेवर लिहून दे. हद्द तू तपासलीस, विहीर आत आहे, असं. पण सर्व्हिस बुकात शेरा जाणार. बघ बाबा, लहान नोकरी आहे तुझी."

घरी बायको होती, सहा महिन्यांची मुलगी होती. विचार केला नाही असं म्हणणार नाही. कारखान्याच्या गेटापासून विहिरीपर्यंत चालत आलो, तेवढा वेळ विचारच केला. मग नकाशाच्या पाठीवर लिहिलं: 'सदर रेषा मी स्थळ न पाहता काढली. ओढा वळल्याची नोंद केली नाही. हद्द जुन्या ओढ्याने, तो विहिरीच्या उत्तरेस आहे. विहीर म्युनिसिपल हद्दीत.' सही केली. बोर्डाच्या इन्स्पेक्टरनी साक्षीदार म्हणून केली.

म्युनिसिपालिटीवाल्यांनी तो कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि डब्याचं झाकण काढलं. बोर्डवाले म्हणाले, "माझ्याही डब्यातली घ्या हो. आता तुमचीच विहीर आहे, मला काय हरकत?" दोघांनी मिळून पावडर टाकली. वर फळ्या ठोकून विहीर बंद केली. दुपारी टँकर आला. फिलोमिनाबाय रांगेत पहिली. तिने परबांना आणि मला सावलीत बसवून सरबत दिलं. टँकरच्याच पाण्याचं.

तिघंही पेशंट दहा दिवसांत घरी आले. नवा कोणी आजारी पडला नाही. ते कळलं तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवर नुसता बसून राहिलो. परब म्हणाले, "सायबानू, चाय मागवू?" मी मान डोलावली.

शेरा लागला. साहेबांनी तो स्वतः लिहिला आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली, 'चूक स्वतःहून कळविली.' बढती एक वर्ष उशिरा मिळाली.

पुढे सगळ्या उपनगराच्या हद्दी बदलल्या, मुलुंडही शहरात आलं. मी खूप रेषा काढल्या. त्यातली एकही जागेवर चालून आल्याशिवाय काढली नाही. लोक म्हणायचे, हा सर्व्हेयर फार सावकाश काम करतो. म्हणू देत.