दाऊदचाचांचा काळा पाव

ओमानमधल्या अझैब्याच्या शुक्रवारच्या शेतकरी बाजारात गरम पाव मागणाऱ्याला दाऊदचाचा चक्क हाकलून देत. "गरम पायजे तर हॉटेलात जा. ह्यो जर्मन पाव हाय. एक दिवस निजल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाय!"

चाचा दापोलीकडचे. आमच्या इमारतीखाली हेल्गाबाईंची छोटी बेकरी होती, तिथले ते भटारी. बाईंच्या बाजारातल्या ठेल्यावरही तेच उभे राहत. काळा पाव, आंबवलेला कोबी, जवळच्या बरका गावच्या शेळ्यांच्या दुधाचं चीज आणि वाइनला परवानगी नाही म्हणून वाइनच्याच ऐटीत मांडलेला द्राक्षरस. विनय कशाशी खातात, हे चाचांना ठाऊक नव्हतं. "असा पाव जर्मनीत मिळत नाय," हे कधीही जर्मनीला न गेलेले चाचा जर्मन गिऱ्हाइकांनाच ऐकवत.

हेल्गाबाई बेकरी चाचांवर सोपवून कायमच्या मायदेशी गेल्या आणि बाजाराचा ओमानी व्यवस्थापक कुरकुरू लागला. जर्मन बाई नाही, तर जर्मन ठेला कसला? एक शुक्रवार बघू, गिऱ्हाईक आलं तर ठेवू, म्हणाला. नेमका रमजान होता. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुपारी चाचांनी मला बेकरीत बोलावलं. रोजा असल्यामुळे त्यांना पीठ चाखता येईना.

"चाखून थुंकलं तर चालतं ना?" मी विचारलं.

"बाकीच्यांना चालत असंल. माजी जीभ हावरी, गिळूनच टाकील. तू चाख गो."

मी चाखलं. "चाचा, अळणी आहे."

"मीठ घातलंय मी! दाऊद मीठ विसरंल?"

मी चुकत असले तर पाव खारट होणार आणि नवं पीठ आंबवायला वेळ नव्हता. ठेला गेला असता. मी पुन्हा चाखलं. "अळणीच आहे, चाचा."

चाचा मीठ घेऊन पीठ परत मळायला लागले.

शुक्रवारी इफ्तारनंतर बाजार भरला. एका जर्मन आजोबांनी साशंक मनाने तुकडा चघळला आणि दोन पाव बांधायला सांगितले. पाठोपाठ रांग लागली. व्यवस्थापक म्हणाला, "खलास, ठरलं! ठेला तुझा."

आजोबांनी इंग्रजीत विचारलं, पाव कोणी केला?

"मी!" चाचांनी छाती फुगवली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बट सॉल्ट, माय डॉटर."

चाचा पुढे दापोलीला परतले आणि तिथेच वारले. त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्याला दिलेलं तेवढं एकच श्रेय. ते मी अजून मिरवते.